बाईंना कोण सांगणार?

प्रिय आईस, दुरूनच नमस्कार.

माझं जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

मनुष्यबळ विभागाचं संचालकपद आमचे साहेब मला द्यायला तयार आहेत, पण एका अटीवर. आज त्या पदावर असलेल्या ज्या बाईंनी मला हे काम शिकवलं, त्यांना काढून टाकल्याचं मी सांगायचं! "तू गोड बोलतेस," साहेब म्हणाले. मी म्हटलं, "निर्णय तुमचा आहे, तोंडही तुमचंच वापरा."

साहेबांनी बाईंना अजून काही सांगितलेलं नाही. आज जेवताना बाई हसत म्हणाल्या, "अगं, मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागी आलीस की आधी ती करकरणारी खुर्ची बदल." मी डबा तसाच झाकून ठेवला.

उद्या साहेबांना बाईंसमोर नेऊन बसवणार आहे. बाबांना इतकंच सांग, की बढती जरा लांबली.

तुझी,
धाकटी