तिकीट आमचं, विमान त्यांचं, वडील भलतेच

मुक्काम नागपूर
(घर नव्हे, रामदासपेठेतलं हॉटेल)

आदरणीय रवींद्रमामांना प्रशिकचा सविनय जयभीम.

मामींचा गुडघा आता कसा आहे? आणि तुमची साखर? (कमी झाली असेल तर कळवू नका. तुम्ही आनंदाने जिलबी आणायला जाल आणि मामी मला फोन करतील.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण मी एक वाक्य बोललो की तुम्ही 'समजलं, समजलं' म्हणून पुढची पाच स्वतःच बोलता, आणि त्यातलं एकही माझं नसतं. पत्राला मध्ये तोडता येत नाही, म्हणून पत्र.

मी नागपुरात आहे आणि घरी नाही, यावरूनच तुम्हाला कळलं असेल की बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आईने तुम्हाला अर्धं सांगितलं असणार. उरलेलं शेजारच्या शोभाताईंनी सांगितलं असेल आणि ते सगळं चुकीचं असेल. म्हणून मुळापासून सांगतो.

आम्हा वैमानिकांना दर महिन्याला मुक्कामाचं गाव मागता येतं. मागता येतं म्हणजे मिळतं असं नाही. मुलगी बघायला जाता येतं, तसंच. आमच्या कॅप्टन सौरवला बँकॉक आवडतं, कारण तिथल्या हॉटेलात नाश्त्याला सतरा प्रकारची फळं असतात. (हा माणूस घरी केळंसुद्धा सोलून खात नाही.) कुणाला गोवा हवा असतो, कुणाला फुकेत. मी वर्षानुवर्षं एकच गाव लिहीत आलो, नागपूर. त्यावर सगळ्यांचं हसून झालं, संत्र्यांवरचे विनोद संपले, उन्हावरचे उरले. मग मध्यंतरी कंपनीने दुसऱ्या एका विमान कंपनीशी कोडशेअर नावाची सोयरीक केली. म्हणजे तिकीट आमच्या नावाचं विकायचं आणि उडवायचं त्यांचं विमान. निमंत्रणपत्रिका आपली, पंगत शेजाऱ्याच्या दारात. सौरवने चहा पिता पिता त्याचा अर्थ सांगितला, 'अच्छा हुआ यार, नागपूर-वागपूर उनको दे देंगे, अपन फुकेत लेंगे.' मी तिथेच बसलो होतो. नागपूर-वागपूरमधला वागपूर म्हणजे आपलं इंदोऱ्यातलं घर, मामा.

नागपूर हातचं जायच्या आत एक गोष्ट करायची मी ठरवली. बाबांना माझ्या विमानात बसवायचं. ते कधी मागणार नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. (ज्या टीसीने तुम्हाला वर्ध्याच्या गाडीत विनातिकीट पकडलं, दंड भरेपर्यंत सोडलं नाही आणि नंतर तुमच्याच बहिणीशी लग्न केलं, तो माणूस मागत नाही, वसूल करतो.) पण मी वैमानिक झाल्यापासून अंगणात बसून डोक्यावरून जाणारं प्रत्येक विमान ते मान मागे टाकून बघतात, आणि आई म्हणते त्यामुळेच त्यांची मान दुखते.

मागच्या पंधरवड्यात बाबा दिल्लीला लेकीकडे, प्रीतीकडे गेले होते. मला दिल्ली-नागपूर मिळालं, वर नागपूरचा मुक्कामही. मी प्रीतीला म्हटलं, आमच्या कंपनीचं सकाळचं तिकीट काढ, खिडकीची जागा घे, विमान मी चालवणार एवढंच बाबांना सांग, बाकी कुणाला काही सांगू नकोस. तिने आमच्या कंपनीचं, सकाळचं, खिडकीचं तिकीट काढलं आणि मला कळवलं, बारा-ए. आता यात तिची काय चूक? सकाळची विमानं दोन होती. दोन्हींच्या तिकिटावर नाव आमचं, पण त्यातलं एक उडवणार होती ती सोयरीकवाली कंपनी. हे तिकिटावर लिहिलेलं असतं. मुंगीने लिहावं एवढ्या अक्षरात. जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं उलटसुलट करून बघणाऱ्या माझ्या बापाने स्वतःचं तिकीट एकदाच बघितलं, आणि तेही मुलाच्या कंपनीचं नाव वाचायला.

इकडे मी नंदिनीला (ही आमच्या विमानातली मुख्य हवाई सुंदरी, दादरची, फार नेकीची मुलगी) विचारलं, बारा-एवर वयस्क गृहस्थ बसलेत का? ती म्हणाली, बसलेत, नागपूरचेच आहेत, चष्मा आहे. नाव विचारू नकोस, म्हटलं, नाहीतर त्यांना संशय येईल. विमान वर स्थिर झालं, शेजारी बसलेल्या सहवैमानिक आर्यनच्या हाती काम दिलं आणि मी माइक घेतला. मराठीत बोललो. म्हटलं, आज या विमानात बारा-ए या जागेवर माझे वडील, श्री. धोंडबा रामटेके बसले आहेत. त्यांनी आयुष्यभर लोकांना सुखरूप पोचवलं. आज त्यांना पोचवायची पाळी माझी. माझा आवाज फाटला, मामा. दाराआडून टाळ्या ऐकू आल्या. आर्यनने डोळे पुसले; तो डेहराडूनचा, त्याला एक अक्षर कळलं नव्हतं.

बारा-एवर कोण होतं? लकडगंजातले केशवराव घाटोळे, लाकूड कापायच्या आरामशीनचे मालक. ते उठले, त्यांनी चारी दिशांना हात जोडले, एका बाईने दिलेलं चॉकलेट स्वीकारलं, आणि मागच्या कुणीतरी सगळं मोबाइलवर टिपलं.

त्याच वेळी दुसऱ्या विमानात माझे खरे वडील हवाई सुंदरीला सांगत होते, 'बाई, हे इमान माहा पोरगा चालवून राहिला. त्याले सांगा, मी बसलो म्हणून.' ती बिचारी आत जाऊन आली आणि हळूच म्हणाली, कॅप्टनसाहेबांचे वडील लुधियानात असतात. आजूबाजूचे हसले. बाबा नागपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत आले. हे त्यांनी आईला सांगितलं, आईने मला.

त्यांचं विमान आधी उतरलं. ते बाहेर माझी वाट बघत उभे होते, शर्टाचं वरचं बटन लावून. आणि मी आलो तो केशवराव गळ्यात पडलेले, लोक फोटो काढताहेत, केशवराव म्हणताहेत, 'बेटा, बहुत बढिया चलाया!' मी त्यांना विचारत होतो की अहो, तुम्ही उठलात कसे? ते म्हणाले, 'मले वाटलं म्हाताऱ्या माणसाईले असं करतात इमानात. टाळ्या वाजल्या, बसून कसा राहू?' मग माझा हात न सोडता म्हणाले, 'माहा केयूर कॅनडात राह्यते. त्यानं माहं नाव असं कधी घेतलं नाही गा.' तुमचंही घेतलं नव्हतं हो, असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात समोर बाबा दिसले.

मी धावलो. ते म्हणाले, 'मी दुसऱ्या इमानात होतो. तिकिटावर तुया कंपनीचं नाव, अन इमानावर दुसऱ्याचं. रेल्वेत मी असं चालू देल्लं असतं काय गा?' मी समजावायला लागलो. त्यांनी केशवरावांकडे बोट केलं. 'जाय. तुया बापाले घरी पोचवून ये.' आणि पिशवी उचलून मेट्रोकडे चालू लागले.

मी कंपनीची रीतसर परवानगी काढून घरी गेलो. आईने माझ्यासाठी उपड्या मटक्यावर भाजलेल्या लांब रोट्या केल्या होत्या. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तेवढ्यात शोभाताई मोबाइल नाचवत आल्या. व्हिडिओ आमच्या आधी इंदोऱ्यात पोचला होता. आईला म्हणाल्या, 'कांता, नाव तं धोंडबाभाऊचंच घेऊन राहिला, पन हा कोन माणूस होय वं?' बाबांनी उठून व्हिडिओ एकदा पाहिला आणि पुन्हा पडले. आई मला म्हणाली, 'तू जाय बापू आता. तू असला तं ते जेवत नाहीत.' त्या रोट्या मी हॉटेलात एकट्याने खाल्ल्या. नागपूरचा मुक्काम मिळावा म्हणून मी कुणाकुणाच्या विनवण्या केल्या होत्या, ते आठवून खाल्ल्या.

पुढचं तर तुम्ही पाहिलंच असेल. आज अख्ख्या महाराष्ट्रात श्री. धोंडबा रामटेके म्हणजे एक गोरे, जाड, सोन्याची अंगठी घातलेले गृहस्थ आहेत. केशवरावांच्या मंडळाने त्यांना आदर्श पिता म्हणून शाल दिली. (मलाही बोलावणं होतं.) मी कंपनीला कळवलं की खुलासा करा, हे माझे वडील नाहीत. जाहिरात खात्यातली बाई गोड आवाजात म्हणाली, सर, लोकांना फार आवडलंय, आता वडील बदलणं बरं दिसणार नाही. तुम्हीही काही लिहू नका, नोकरीच्या करारात तसं आहे. म्हणजे मामा, कोडशेअर आता पूर्ण झालं. नाव माझ्या बापाचं, माणूस दुसराच.

आजचा माझा नागपूरचा मुक्काम शेवटचा. पुढल्या महिन्यापासून हा मार्ग सोयरिकीत गेला. मला बँकॉक मिळालंय. सौरवने फळांची यादी पाठवली आहे. आज घरी येऊ का, असं मी सकाळी आईला विचारलं. तिने हॉटेलात जेवण बरं मिळतं का, ते विचारलं.

मामींना जयभीम सांगा. तब्येतीला जपा.

तुमचा भाचा,
प्रशिक

ता.क. खरं काम लिहायचं राहिलं. बाबा ऐकतात ते फक्त तुमचं. या आठवड्यात इंदोऱ्याला जा आणि तो व्हिडिओ बाबांच्या फोनमधून काढून टाका. आई म्हणते, ते दिवसभर तोच लावून बसतात. त्यांना पुसता येत नाही आणि फोन ते कुणाच्या हातात देत नाहीत. त्या अंगठीवाल्याला रोज बघून माणूस आजारी पडेल.

ता.क. २. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आईचा फोन आला. तुम्हाला काय लिहिलं ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, 'रवीले म्हना, पुसू नोको. ते पाह्यत नाहीत बापू. फोन उशीवर पालथा ठेवतात, अन नुसते आयकतात. तुया आवाजात त्याइचं नाव येते न.'

तेव्हा मामा, वरचं काम रद्द समजा. नुसते जाऊन त्यांच्याजवळ बसा. आणि फोन पालथा असेल तर उताणा करू नका.