डाव्या हातानं केलेलं झाकण

३ जून, शिरूर
डॉक्टर म्हणाले रोज डाव्या हातानं पानभर लिहा. लिहितोय. स्वतःच्याच अक्षराची शिसारी येते. दोन ओळी लिहायला अर्धा तास.
आज माशांच्या टाकीचं झाकण फोडलं. खायला घालायला गेलो, सवयीनं उजवा हात पुढं केला. अंगठा आणि करंगळी, मधे धरायला काहीच नाही. प्लॅस्टिकचं झाकण निसटून फरशीवर, आतली ट्यूब फुटली. काचा सुरेखानं गोळा केल्या. बायकोनं चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.
उजेड नाही तर टाकी गटारासारखी दिसते. पाच मासे. दोन गोल्डफिश, तीन काळे मॉली.

५ जून
पट्टी बदलून आलो. पहिल्यांदा नीट बघितलं. जांभळी, चकाकणारी टोकं, उकडलेल्या रताळ्यासारखी. नर्स म्हणाली छान भरतंय. छान काय त्यात.
पॉवर प्रेसवर दोन बोटं मुळापासून गेली, तिसरं अर्धं. सहा आठवडे झाले. येणारा माणूस आधी हात बघतो, मग तोंड. शेजारच्या काकू तोंडापर्यंत पोचतच नाहीत.
टाकीचं झाकण बाजारात तयार मिळतं. आणणार नाही. लाकडाचं करायचं, आत लाईट बसवून, स्वतः. आयटीआय फिटर आहे मी. होतो. जे असेल ते.

८ जून
नंदू येऊन गेला. सुरेखाचा धाकटा भाऊ, कंपनीत माझ्या लाईनचा सुपरवायझर. मला तिथं त्यानंच लावलं. सफरचंदं आणली होती. दर वाक्याला दाजी, दाजी.
सु. आत गेल्यावर पाकीट काढलं. कंपनीचा कागद. त्यात लिहिलंय, प्रेसचा गार्ड, हात आत जाऊ न देणारी जाळी, मी माझ्या मनानं उघडा ठेवला, तो उघडला की प्रेस थांबवणारा स्विच माझ्या मनानं तारेनं बांधला, मला कुणी सांगितलं नव्हतं. खाली माझी सही. केली की स्टोअरमध्ये बसून काम, कायम.
स्विच मी बांधला हे खरं आहे. माझ्या मनानं नाही. मागं उभं राहून कोण म्हणालं, "दाजी, आज माल जायचाय, बांधा ती तार," ते त्याला माहीत आहे, मला माहीत आहे.
सु.नं त्याला चहा केला, आलं घालून. तिला यातलं काहीच माहीत नाही.

११ जून
भंगारवाल्याकडून पाईनच्या खोक्याच्या फळ्या आणल्या. टाकी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद. माप खडूनं काढलं, तेसुद्धा तिरकं. करवत डाव्या हातात, फळी गुडघ्याखाली. करवत भलतीकडंच जाते. चार कापांपैकी एक सरळ. घामानं पट्टी ओली, तिचा वास.
हेच काम मी पूर्वी बोलता बोलता केलं असतं.

१५ जून
झालं एकदाचं. चार बाजू, वर फळी, आत एलईडीची पट्टी. कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट, ती पुट्टी भरून बुजवली. आतून पांढरा रंग मारला, उजेड खाली पडावा म्हणून. रंग वाळायच्या आत टाकीवर ठेवलं. धीर नव्हता.
लाईट लावला. सु. म्हणाली, "चांगलं झालंय." खोटं बोलताना ती पदर सारखा करते.

१९ जून
फळी पाणी पिऊन फुगली. वाफेला जायला वाटच ठेवली नव्हती. झाकण काचेवर आवळून बसलं, ओढून काढलं तर आत हिरवी बुरशी आणि कुबट वास, आणि खाली एक गोल्डफिश उलटा तरंगतोय. रंगानं मेला का कोंडून, देव जाणे. जाळी सापडेना. हातानंच उचलला, उजव्या, त्या दोन बोटांच्या चिमट्यात. बुळबुळीत. त्याचा डोळा आणि माझी कातडी, दोन्हींची किळस आली. मोरीत जाऊन ओकलो.
झाकण मागच्या दाराबाहेर फेकलं.

२० जून
लिहायला काही सुचेना म्हणून सही गिरवत बसलो. एक, दोन, वीस. शेवटच्या पाच बऱ्या जमल्या. मग लक्षात आलं मी कशासाठी गिरवतोय. पान फाडलं. नंदूची किळस येते म्हणतो मी.

२२ जून
कवठे येमाईहून आबा आले, माझे वडील. मेंढरं विकून वर्षं झाली, अजून खांद्यावर घोंगडं. त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, मेंढराचा खूर बघतात तसा. सोडून दिला. आजवर आलेल्यात हा एकच माणूस ज्यानं तोंड वाकडं केलं नाही. तरी मला राग आला.
बाहेर फेकलेलं झाकण त्यांनी उचलून आणलं. म्हणाले, "लाकूड वाईट न्हाई. तू घाई केलीस."

२४ जून
आबा फळीवर बसतात, मी कापतो. त्यांच्या वजनानं फळी हलत नाही. करवत सरळ चालली. उजव्या अंगठ्यानं गुण्या, ती काटकोनी पट्टी, दाबून धरता येतो हे आज कळलं. दुखतं, पण येतं.
या वेळी मागं बोटभर फट ठेवली, हवेला. लाईट आणि पाण्याच्या मधे काचेची पट्टी. आतून बाहेरून व्हार्निशचे तीन हात द्यायचे, प्रत्येक हाताला एक दिवस वाळवण. आबा म्हणाले, "आन् मी हाय तवर घाई करायची न्हाई."

२६ जून
रामाशिषचा फोन. बिहारचा पोरगेला माणूस, लाईनवर माझ्या शेजारी होता. तब्येत विचारली. मग म्हणाला, माझ्या प्रेसवर आता त्याला लावलंय. आवाज बारीक करून, "भैया, वो तार अभी भी बंधा है."
मी म्हणालो, तार बांधलेली असेल तर नको चालवूस. तो म्हणाला, मना करेंगे तो गाँव भेज देंगे.
म्हणजे मी सही केली की सगळा दोष माझ्या हाताबरोबर गेला. तार तिथंच. प्रेस चालू. माझी बोटं कुठल्या बादलीत टाकली असतील हा विचार आज पहिल्यांदा आला.

२७ जून
व्हार्निशचा दुसरा हात. आबांनी ब्रश धुता धुता विचारलं, "बांध म्हणून कोण म्हणालं तुला?"
त्यांना कागदाचं कुणी सांगितलेलं नव्हतं. मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पाकीट टाकीखालच्या कपाटात होतं, वाचता त्यांना येत नाही. कालचं फोनवरचं तारेचं बोलणं ऐकून नुसता अंदाज. मी कागदाचं सांगितलं, आणि नाव सांगितलं. नंदू.
त्यांनी ब्रश झटकून उन्हात ठेवला.
"सुरेखाला ठाव हाय?"
"न्हाई."
"मंग आधी तिला सांग. कागदाचं मागनं बघू."
तिचा सख्खा भाऊ आहे म्हणालो. ते म्हणाले, म्हणूनच.

२९ जून
आबा सकाळच्या एसटीनं गेले. झाकण टाकीवर बसवलं. हलत नाही, आवळत नाही. अॅडॅप्टर बाहेर भिंतीवर, पाण्यापासून लांब. पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसलं. उरलेला गोल्डफिश आधी कोपऱ्यात दडला, मग उजेडात आला.
कोपऱ्याचा एक सांधा अजून वाकडा आहे. मुद्दाम ठेवला नाही, जमलाच नाही. पण बघून घाण वाटली नाही. महिनाभरात माझ्या हातून निघालेली ही एकच गोष्ट.
सु.ला सांगायचं होतं. नाही सांगितलं. भित्रा.

३० जून
सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं सांगितलं. तार, माल, नंदू मागं उभा होता ते, कागद, स्टोअरची नोकरी, रामाशिष. ताटातले तांदूळ तिनं एका बाजूला केले, मग दुसऱ्या बाजूला. खडा एकही निघाला नाही.
मला वाटलं भावाची बाजू घेईल. नाहीतर रडेल. ती म्हणाली, "सगळं माहीत असून तुम्ही मला त्याला चहा करायला लावलात."
ताट वाढलं ते दुसरीकडं बघून. मला स्वतःची जेवढी किळस आज आली तेवढी त्या मेलेल्या माशाचीसुद्धा नव्हती आली.

१ जुलै
सु. सकाळी आवरून बसली होती. कासुर्डीला जाते म्हणाली, माहेरी. नंदूची सुट्टी आहे आज, तो तिथंच असतो. मी येतो म्हणालो. "तुम्ही नका."
कपाटातून पाकीट तिनं काढलं, कागद उघडून उभ्याउभ्या पूर्ण वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला. फाडायला नेते, त्याच्या तोंडावर टाकायला नेते, का मीच सही करावी असं ठरवून परत आणणार, विचारायचं धाडस झालं नाही. वीस वर्षांत तिच्या तोंडावरचं मला कळलं नाही असं फार कमी वेळा झालंय.
संध्याकाळी फोन आला. "आज इथंच राहते. माशांना घाला."
मी विचारलं, कागद?
"आहे माझ्यापाशी."
मागं नंदूचा आवाज, सासूबाईंचा आवाज. नंदू भांडत होता का रडत होता, कळलं नाही. सु.नं फोन ठेवला.
रामाशिषला फोन लावला. उद्या त्याची पहिली पाळी, सकाळी सहाची. म्हणालो, मी गेटवर येतोय, तू आत जायच्या आधी थांब. तो विचारायला लागला, येऊन करणार काय. मी म्हणालो, तू थांब फक्त.
पहिली जीप पाचला मिळते. गेटवर आत सोडणार नाहीत, ते ठाऊक आहे. सगळे सहाला तिथूनच आत जातात. तिथं उभं राहून बोलायचं काय, ते ठरलेलं नाही. हात खिशात घालायचा नाही, एवढं ठरलंय.