डाकोटाच्या नाकावरचं कुंकू

आई,

तू भातकापणीला गेलीस म्हणून लिहून ठेवतेय. मी प्रदर्शनाला चालले. सदूकाका माझं डाकोटा विमानाचं मॉडेल टेम्पोतून चिपळूणला पोचवतायत. पेज झाकून ठेवलीय.

आता मुद्द्याचं. सकाळी चादर काढली आणि किंचाळलेच! माझ्या डाकोटाच्या नाकावर हळद-कुंकू, तेही पाण्यात कालवून? खंडेनवमीला पुजायला घरात कोयती नव्हती? विळे नव्हते? बाबांची हत्यारं मुंबईला, म्हणून माझं विमान पुजायचं?

आठ महिने खपलेय मी त्याच्यावर. बाबांनी मुंबईच्या विमानतळावर ते काम करतात त्या हँगरमागच्या जुन्या डाकोटाला टेप लावून एकेक माप पत्रातून कळवलं. आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या तासून मी सांगाडा केला, सिगारेटच्या पाकिटांतली चांदी चिकटवली, बोथट सुईने रिवेटचे अडीच हजार ठिपके टोचले. आणि त्यावर तुझा अंगठा! पुसायला गेले तर चांदीच निघायला लागली. परीक्षक म्हणतील, हे विमान आहे की नवरी?

मग बाबांचं गेल्या दसऱ्याचं पत्र आठवलं. त्यांच्या हँगरमध्येही विमानांना कुंकू लावतात, पंख्यांना हार घालतात. म्हणजे माझं मॉडेल अगदी बरोबर आहे, आणि परीक्षकांना मी तसं ठणकावून सांगणार आहे.

तरी माझा राग गेलेला नाही. निदान विचारायचंस तरी! हार तू एकाच पंख्याला घातलास. डाकोटाला दोन असतात, आई! परसातला झेंडू तोडून दुसरा मी केलाय. ओरडू नकोस.

राही