सातला आडवी रेघ

नॉकलोर,
१२ जून

प्रिय कोलमन,

दोन शेतं ओलांडली की तुझं दार, तरी लिहितो आहे. समोर बसलो तर माझा आवाज चढेल.

तू बरा असशील. जळणासाठी दलदलीतला पीट कापून झाला. वाळला की तुझा वाटा पाठवतो. तांबडी व्याली, कालवड झाली. आईच्या कबरीवरचं गवत काढलं. शेजारी तुझ्या नूलाच्या कबरीवरचंही काढलं.

माझी ग्रॉन्या निवडणुकीत पडली हे तुला कळलंच आहे. चार मतांनी. शेवटच्या फेरीत तो अपक्ष लॅव्हेल पुढे निघाला.

मोजणीला मी नेहमीसारखा कठड्याशी उभा होतो. बाबांनंतर आपल्या शाळेची मतपेटी पक्षातर्फे मीच बघतो. पलीकडे मोजणारे एकेक मतपत्रिका उलगडतात, अलीकडून आम्ही वाकून नावांपुढे लिहिलेले एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे टिपतो. पूर्वी आपल्या पेटीत टिपण्यासारखं काही नसे, सगळी आपल्याच पक्षाची. या वेळी अर्धी लॅव्हेलची निघाली. शेजारी विरोधी पक्षाचा पॅकी होता. म्हणाला, "मॅलकी, इस्पितळ बंद केल्यावर आणखी काय होणार होतं?" मी म्हटलं, पेटी अजून संपलेली नाही.

मग एक पत्रिका आली. आठ उमेदवार, सात आकडे. एकचा आकडा लॅव्हेलला. एकच नाव कोरं.

"दिलदार गडी दिसतो," पॅकी म्हणाला. "सगळ्यांना वाढलंय, तुझ्या पोरीचं ताट तेवढं रिकामं."

मी सातचा आकडा बघत होतो. त्याच्या पोटातून पेन्सिलीची आडवी रेघ गेली होती. हॅम्बुर्गच्या गोदीतून तू ती सवय घेऊन आलास. आपल्या गावात दुसरं कुणी तसा सात काढत नाही. आणि तो सातवा नंबर तू त्या हॅन्लीलासुद्धा दिलास, ज्याच्या बापाशी बाबांनी कधी हात मिळवला नाही.

एका मताने ती निवडून आली नसती. ते मी तुझ्यावर घालत नाही.

इस्पितळ आपल्याच पक्षाने बंद केलं. ग्रॉन्या तेव्हा कॉलेजात होती. नूला अँब्युलन्समध्ये, अर्ध्या रस्त्यात गेली, हे मी विसरलेलो नाही. मागच्या गाडीत तुझ्या शेजारी मीच होतो. मत देणार नाही असं माझ्या तोंडावर म्हणाला असतास तर मी एक शब्द काढला नसता. पण मतदानाच्या दिवशी तू छातीवर ग्रॉन्याचा बिल्ला लावून फिरलास, म्हाताऱ्यांना गाडीत घालून शाळेपर्यंत आणलंस. ते कशाला, कोलमन?

तिला मी काही सांगितलेलं नाही. हॉलमध्ये ती रडली नाही. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाली, "बाबा, सगळ्यांत जास्त कोलमनकाका राबले. आधी त्यांच्याकडे जायला हवं."

रविवारी चर्चमधून परस्पर तुझ्याकडे येईल. सफरचंदाचा केक आणेल, तिच्या नूलाकाकूने शिकवलेला. ती आभार मानेल तेव्हा खाली बघू नकोस, तिला कळेल. केक खा. संपव.

उत्तर नको. पीट पाठवतो.

भावाचं नाव कोरं सोडता येत नाही म्हणून,
तुझा,
मॅलकी