थाळी किती गाठींपर्यंत दिसते

४ मार्च
वहीबाई, महिनाभर लिहिलं नाही, माफ कर. तुझ्या रेघाच दिसत नाहीत, अक्षर कुठे टेकवू!

ऑफिसातून पत्र आलं. तळं दहा वर्षं गढूळ होत चाललंय, असं माझेच आकडे सांगतात म्हणे. रोज सकाळी दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायची, किती गाठींपर्यंत दिसते ते लिहायचं, एवढंच माझं काम. पूर्वी अकरा. आता चार. म्हणून काठावरची लॉन्ड्री दोन महिने बंद करून बघणार. लॉन्ड्री कुणाची? माझ्या थोरलीची!

५ मार्च
थोरली बोलत नाही. जावई कपबशी आपटून ठेवतो.

११ एप्रिल
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाले, इतका पिकेपर्यंत काय करत होतात? म्हटलं, पाणी मोजत होतो.

१९ एप्रिल
अकरा! थाळीखालून मासा गेला, तोही दिसला. म्हणजे पाणी गढूळ नव्हतंच. मी होतो.

२ मे
ऑफिसात आनंदीआनंद. लॉन्ड्री बंद केली आणि पाणी निवळलं — पुरावा पक्का. आता कायमची बंद करणार. तळ्याचं खातं बघणाऱ्या बाईंना डोळ्याचं सगळं सांगितलं. त्या समजुतीने म्हणाल्या, "आजोबा, मुलीसाठी शास्त्राला खोटं पाडू नका." मी चौथी शिकलेला.

९ मे
चैन पडेना. हातापाया पडून बाईंना काठावर आणलं. उजवा डोळा झाकला — चार. डावा झाकला — अकरा. म्हटलं, आता तुम्हीच वाकून बघा. तर म्हणे, बघणारा बदलला की जुन्या आकड्यांशी मेळ बसत नाही. दोन्ही आकडे कागदावर मांडले. मग म्हणाल्या, "सरासरी घेऊ."

साडेसात. लॉन्ड्री अर्धा दिवस चालू. सरासरी सातच्या खाली गेली की पुन्हा टाळं.

थोरली दोन महिन्यांनी बोलली. "बाबा, दुपारपर्यंत धुते. पिळायचं कुठल्या नियमाखाली?"

२० मे
डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. ऑफिसची लेखी मनाई आली. आकड्यांची चौकशी लावली आहे, ती संपेपर्यंत त्या डोळ्याला हात लावू नये, तो पुरावा आहे.

आज त्याला तीनच गाठी दिसल्या. सरासरी बरोबर सात.

उलट टपाली लिहिलंय — चौकशी कधी संपते ते लवकर कळवा. डोळा थांबायला तयार नाही.