बुश बदलायला वेळ लागतो

३ मार्च, रविवार. सकाळी

आज ठरलं. सासऱ्यांच्या जीपचं स्टिअरिंग मीच दुरुस्त करणार.

जीप घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून आहे. सुरू होते, पळते, पण स्टिअरिंग वीतभर फिरवलं तरी चाकं ढिम्म हलत नाहीत आणि मग एकदम हलतात. दोष मी पाच मिनिटांत शोधून काढला. (गॅरेजवाल्याने मागे सांगितला होता, पण ऐकणं वेगळं आणि शोधणं वेगळं.) बंपरच्या मागे एक तिकोनी लोखंडी हात असतो. स्टिअरिंगची ओढ तो दोन्ही चाकांना पोचवतो. त्या हाताच्या मधल्या भोकात पितळी बुश असतो, म्हणजे अंगठ्याएवढी जाड नळी. ती झिजली आहे. जुनी काढायची, नवी ठोकायची. विषय संपला.

घाई सासऱ्यांना आहे. शुगरमुळे त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं काळी पडलीत. सर्जन म्हणाले, बुधवारी काढून टाकू. सासरे म्हणाले, आधी एकदा माझ्या पायाने जीप चालवत टेकडीवरच्या टाकीपर्यंत जाऊन येतो, मग काय कापायचं ते कापा. सगळी नोकरी त्यांनी त्याच जीपमधून रस्ते मोजत काढली. म्हातारपणी माणूस हळवा होतो.

साडू आला होता. म्हणाला, मी माणूस पाठवतो, संध्याकाळपर्यंत गाडी तयार. मी म्हणालो, घरात जावई असताना बाहेरचा माणूस कशाला? सासरे म्हणाले, बरोबर आहे, जावईबापू म्हणतात तर तेच करतील.

साडूचा चेहरा बघण्यासारखा होता.

संध्याकाळी

जीप जॅकवर चढवली. पुढची दोन्ही चाकं काढली. फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. साहेबांनी स्वतः अंगठा दिला. कंबर धरली आहे. सुरुवात झाली की निम्मं काम झालं असं मी मानतो.

५ मार्च

दिवसभर ऑफिसात व्हिडिओ बघितले. या विषयावर जगात माझ्याइतका अभ्यास थोड्यांचाच असेल. परचेस डिपार्टमेंटला दुसरं काम नव्हतं. होतं, पण तातडीचं नव्हतं.

सासऱ्यांनी उद्याचं ऑपरेशन पुढच्या बुधवारवर ढकललं. मला मोकळा श्वास मिळाला. समजूतदार माणूस.

१० मार्च, रविवार

जुना बुश निघेना. हातोडी मारली, तिकोन्याला लागली. हातोडी मारली, बोटाला लागली. हिने हळद लावायला घेतली तेव्हा सासरे शेजारी पाय स्टुलावर ठेवून बसले होते. म्हणाले, फार लागलं का हो? मी म्हणालो, तुम्हाला नाही कळायचं, ठणका फार वाईट.

बायको उगाचच उठून आत गेली.

११ मार्च

एक अडचण लिहून ठेवतो. मी ऑफिसला गेलो की सासरे काठी टेकत शेडमध्ये जातात आणि जॅकवरच्या जीपमध्ये बसतात. चाकं नसलेल्या गाडीत बसून क्लच दाबतात, ब्रेक दाबतात, गिअर टाकतात. जॅक हलला तर जबाबदार कोण? शिवाय पायाचा वास शेडमध्ये राहतो, मला एकाग्र होता येत नाही. ड्रायव्हरची सीट काढून माळ्यावर टाकली. सेफ्टी फर्स्ट.

१२ मार्च

सासरे शेडमध्ये गेले आणि परत आले. काही बोलले नाहीत. म्हणजे पटलं असावं.

१३ मार्च

आज सर्जनकडे गेले होते. काळं वर सरकलंय म्हणे. आता बोटांनी भागणार नाही, पंजा काढावा लागेल. सासऱ्यांनी विचारलं, पंजा काढला की ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर कसे दाबायचे? सर्जन म्हणाले, गाडी कसली चालवताय. सासऱ्यांनी पुन्हा एक आठवडा मागून घेतला. सर्जन चिडले. डॉक्टर लोकांना प्रोजेक्ट टाइमलाइन म्हणजे काय ते कळत नाही.

माझ्याकडे पूर्ण आठवडा आहे. आठवडा म्हणजे पुष्कळ.

१४ मार्च

बायको म्हणाली, तुझ्या पाया पडते, गॅरेजवाल्याला फोन करू दे. मी काही म्हणायच्या आत सासरे आतल्या खोलीतून म्हणाले, नको गं, जावयांना वाईट वाटेल. त्यांनी मनावर घेतलंय.

ऐकून ऊर भरून आला. या घरात माझी किंमत कळणारा एकच माणूस आहे.

१७ मार्च, रविवार

जुना बुश निघाला. करवतीने कापून काढला. तिकोन्याला आतून थोडे ओरखडे पडलेत, पण आतून कोण बघतंय? नवा बुश आणला होता, तो ढिला निघाला. दुकानदाराने माप नीट समजून घेतलं नाही. मी बोटाने दाखवलं होतं.

दुकान बंद. रविवारी दुकान बंद ठेवणाऱ्यांनी या देशाचं वाटोळं केलंय.

दुपारी झोपलो. झोपेत प्लॅनिंग चालू असतं.

१९ मार्च

नवा बुश मिळाला. बरोबर मापाचा. फ्रीझरमध्ये ठेवला. गारठला की आकसतो आणि अलगद बसतो, व्हिडिओत स्पष्ट दाखवलंय. आता रविवारीच बसवीन. घाई केली की चुका होतात.

बायकोने विचारलं, उद्या ऑपरेशन आहे, आज का नाही? मी म्हणालो, बुश नीट गारठायला हवा. ती म्हणाली, दगड आहेस. मी उत्तर दिलं नाही. शांत राहणं ही माझी ताकद आहे.

२० मार्च

सासऱ्यांनी तारीख तिसऱ्यांदा बदलली. साडूने मला फोन केला. म्हणाला, ताप येतोय त्यांना, रात्री कण्हतात, जीप राहू द्या आणि तुम्हीच सांगा त्यांना ऑपरेशनला जायला, तुमचं ऐकतील. मी म्हणालो, वडीलधाऱ्या माणसाच्या इच्छेच्या आड मी कसा येऊ? फोन आपटला त्याने. मत्सर.

२४ मार्च, रविवार

यश. एका फटक्यात नाही, पण पन्नासएक फटक्यांत बुश बसला. बुश आतून तासून त्यातली पिन, म्हणजे तिकोना ज्यावर फिरतो तो दांडा, सैल करून घ्यायची असते असं व्हिडिओत होतं. मला गरज वाटली नाही. पिन मोठ्या हातोडीने आत घातली. आता इतकी घट्ट आहे की हाताने हलत नाही. यालाच प्रिसिजन म्हणतात.

ग्रीस मात्र आत जाईना. ग्रीस-गनने मारलं तर सगळं बाहेर, माझ्या शर्टावर. बुशला एक छोटं भोक असतं, ते ग्रीसच्या तोंडासमोर यावं लागतं. ते आलंच असणार. गन हलक्या प्रतीची आहे.

सासरे पायरीवर बसून बघत होते. त्यांनी विचारलं, बुधवारच्या आत होईल ना हो? मी म्हणालो, झालंय, फक्त जोडायचं. त्यांनी हात जोडले. मला ओशाळल्यासारखं झालं, पण चांगलंही वाटलं.

२६ मार्च. सकाळी

रजा टाकली. सगळं जोडलं. चाकं बसवली. दोन नट उरले, ते बहुधा आधीपासूनच जास्तीचे होते. सीट माळ्यावरून खाली आणली. स्टिअरिंगला आता प्ले, म्हणजे ढिलेपणा, अजिबात नाही. शून्य.

दुपारी

हे तपशीलवार लिहितो.

सासऱ्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. उजव्या पायात बूट जाईना. हिने बुटाचा पुढचा भाग ब्लेडने कापला आणि पट्टीने बांधला. हे सगळं होईपर्यंत मी इंजिन सुरू करून ठेवलं होतं. साडू आणि मेव्हणी आले होते. साडूने सासऱ्यांना उचलून सीटवर बसवलं. मी फोटो काढत होतो.

सासऱ्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला. घाम फुटला होता, पण हसत होते. त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. जीप शेडमधून निघाली. फाटकाकडे वळायला त्यांनी स्टिअरिंग फिरवलं. ते फिरेना. दोन्ही हातांनी, अंग टाकून ओढलं, तेव्हा फिरलं, आणि वळलेलं तसंच राहिलं. परत येईना. जीप आपली हळूहळू वळत वळत अंगणातून निघाली ती कुंपणाच्या भिंतीला जाऊन टेकली. ब्रेक त्यांनी बरोबर दाबला. उजव्याच पायाने. ओरडले.

फाटकाबाहेर जाणं झालं नाही.

साडूने त्यांना उतरवलं. बुटातून पाणी गळत होतं. पाणीच म्हणतो मी. सासरे माझ्याकडे बघून म्हणाले, घट्ट झालंय हो चांगलं. पूर्वी फार ढिलं होतं.

मी साडूला म्हणालो, ऐकलंत? तो माझ्या अंगावर येत होता, मेव्हणीने धरला.

बायकोने सासऱ्यांना तिथूनच साडूच्या गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. मी मागून येतो म्हणालो, कारण अंगावर ग्रीस होतं.

२७ मार्च

ऑपरेशन झालं. मांडीच्या मध्यापासून. सर्जनने कॉरिडॉरमध्ये हिला सांगितलं, मीही उभा होतो. म्हणाले, तीन आठवड्यांपूर्वी आला असतात तर दोन बोटांवर निभावलं असतं. एवढं कशासाठी थांबलात? बायकोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघितलं असतं तर मी गनबद्दल सांगितलं असतं.

३१ मार्च, रविवार

एकटाच घरी. बायको हॉस्पिटलमध्येच राहते. पिन ठोकून काढली. ग्रीसचं भोक नेमकं उलट्या बाजूला होतं. बुश कोरडाठाक, आतून खरवडून निघालेला. चूक क्षुल्लक आहे, बुश फिरवून बसवला असता तर अर्ध्या मिनिटाचा फरक. दुसरा आणीन. या वेळी भोकावर मार्करने खूण करायची. काम आता पूर्ण माझ्या आवाक्यात आहे. पुढच्या रविवारी शंभर टक्के.

संध्याकाळी

हॉस्पिटलला गेलो. वॉर्डातल्या शेवटच्या पलंगावर सासरे पडून होते. पांघरूण डाव्या बाजूला पायाएवढं लांब, उजव्या बाजूला मांडीपाशीच सपाट. मी तिकडे बघायचं टाळलं. बायको खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेली.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. भोक कुठे होतं, कुठे हवं होतं, या वेळी काय करणार. ते लक्ष देऊन ऐकत होते. मध्ये एकदा मान हलवली. मी म्हणालो, पुढच्या रविवारी नक्की होईल, माझा शब्द आहे.

त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाले, सावकाश होऊ द्या, जावईबापू. आता कसली घाई.

घरी येऊन पुढच्या रविवारचा प्लॅन लिहायला बसलो. पहिलाच मुद्दा सुचेना.