बोट लागत नाही, विमान लागतं

१३ डिसेंबर २०२५, शनिवार. दिघी

शाळेतून निरोप. वार्षिक संमेलनात माझा सत्कार! मानपत्राचा मजकूर तपासायला पाठवला होता — 'परदेशाचा मोह न धरता, गावात राहून, स्वतःच्या हिमतीवर इंजिनविद्या शिकलेले नुरुद्दीनभाई.' 'इंजिनविद्या' खोडून 'बोटीच्या डिझेल इंजिनांची दुरुस्ती' केलं. नेमकं असावं माणसाने. 'मोह न धरता' मात्र तसंच राहू दिलं.

इथे तरी खरं लिहू. मोह धरला होता. १९९९ साली नोकरीला मस्कतला गेलो. जाताना विमानात सात वेळा ओकलो. तिथे काम बरं होतं, माणसंही बरी. पण मनात एकच धास्ती — परत जाताना पुन्हा तेच! दोन वर्षं ही धास्ती बाळगण्यापेक्षा एकदाचं काय ते ओकून मोकळं व्हावं, म्हणून अकराव्या दिवशी निघालो. येताना पाच. एकूण बारा!

गावात सांगितलं, परक्याची चाकरी आपल्याला मानवली नाही. इथे घरटी एक माणूस आखातात, त्यामुळे माझं वाक्य उठून दिसलं. सव्वीस वर्षांत त्या बारा उलट्यांचं तत्त्व झालं.

१४ डिसेंबर

मोरू तांडेलाच्या बोटीचं इंजिन धूर टाकतंय, म्हणून खाडीबाहेर नेऊन बघितलं. वारा उलटा, बोट नुसती घुसळत होती. मी दोन तास खाली, डिझेलच्या वासात, डोकं पायांत घालून. मोरूचा पुण्याचा पाहुणा कठडा धरून ओकत होता. मी वर आलो आणि त्याच्या शेजारी बसून बोंबील-भाकरी खाल्ली. मोरू म्हणाला, "नुरूभाय, तुला बोट कशी ती लागतच न्हाय!"

खरंच लागत नाही. पण विमान! नाव काढलं तरी जिभेखाली पाणी सुटतं. हे लिहितानाही सुटलं.

२० डिसेंबर

सत्कार झाला. शाल बरी आहे. भाषणात मी म्हणालो, "पासपोर्ट कागदाचा असतो, माती कागदावर उगवत नाही." केवढ्या टाळ्या! अर्थ मलाही कळलेला नाही.

२१ डिसेंबर

भाषणाचा व्हिडिओ कुणीतरी घरच्या ग्रुपवर टाकला. मस्कतहून आफराने एवढंच लिहिलं — "मुबारक, अब्बा." फोन नाही.

अख्तरुन्निसा भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरीला नववा लागलाय. लगीन होऊन चार वर्सं ती तिकडं हाय. मी दोनदा जाऊन आले. तुमी एकदा तरी? आनि वर ह्ये भाषण. तिला काय वाटत आसंल? बापाला माजं हितं ऱ्हानं पसंत न्हाय, आसंच ना?"

"तत्त्व वेगळं, पोर वेगळी," मी म्हणालो.

"मग तत्त्वालाच सांगा, बाळाच्या कानात अजान द्यायला जा म्हनून."

पुढची भाकरी तिने तव्यावर आपटली. मला मात्र पहिलीच गेली नाही.

२४ डिसेंबर

तिकीट काढलं. अख्तरुन्निसाचं २ जानेवारीचं आधीच आहे, माझं १०चं. मोरूचं इंजिन उघडून पडलंय, असं कारण दिलं. इंजिनाचं काम दोन दिवसांचं, उरलेले दिवस धीर गोळा करायला.

आफराला कळवलं — 'येतोय.' उत्तर आलं — 'बघू.'

बघू! माझ्याच पोरीने मला?

२६ डिसेंबर

सराव चालू. आल्याचा तुकडा दाढेखाली धरला, जीभ भाजली. कुणीतरी म्हणालं होतं, पोटाला वर्तमानपत्र बांधलं की मळमळत नाही. बांधून जीपने म्हसळ्यापर्यंत गेलो. मळमळलं नाही, पण मला जीप कधी लागतच नाही, मग सिद्ध काय झालं? घामाने शेअरबाजाराचं पान पोटावर उमटलं. बेंबीभोवती सगळे भाव उलटे!

२९ डिसेंबर

उरुसात मोठा पाळणा आलाय. विमानाच्या सगळ्यात जवळचं तेच. सकाळी, गर्दी नसताना बसलो. डोळे मिटून तीन फेऱ्या ठरवल्या होत्या. दुसऱ्या फेरीला, नेमका सगळ्यात वर असताना... खाली पाळणेवाल्याची टोपी होती.

उतरल्यावर लोक जमले. मी म्हणालो, "बेअरिंग वाजतंय, ते बघायला चढलो होतो." पाळणेवाला टोपी धुवून परत आला आणि म्हणाला, "कुठलं वाजतंय ते दाखवा." दाखवावं लागलं. सोडवून, ग्रीस भरून, परत बसवून द्यावं लागलं. चांगलं, नवंकोरं बेअरिंग! दुपार गेली.

२ जानेवारी २०२६

अख्तरुन्निसा गेली. जाताना म्हणाली, "मोरूच्या इंजिनाच्या काळजीनं पोट बिघडतं तुमचं, जपा." कसली इंजिनाची काळजी? ही बाई काहीही बोलते.

७ जानेवारी

ठरलं. उतरलो की पहिलं काम, आफराला खरं सांगायचं. तत्त्व नव्हतं, उलट्या होत्या. चारदा म्हणून बघितलं. चारही वेळा आवाज भाषणासारखाच आला.

हसेल ती. हसू दे. पण बापाला मी नकोशी आहे असं समजून ती बाळंत होणार असेल, तर ही शाल काय जाळायचीय?

१० जानेवारी. मुंबई विमानतळ

औषधाच्या दुकानात सांगितलंय, उलटीची गोळी विमान सुटायच्या तासभर आधी. विमान २.३५चं. बरोब्बर १.३५ला घेतली. १.४०ला पाटीवर — विमान तीन तास उशिरा! आता? गोळी वेळेवर, विमान नाही. इंजिन गरम करून ठेवावं आणि बोट धक्क्यावरून सुटूच नये, तसं.

४.३५ला दुसरी घेतली. तोंडात वाळू. डोळे मिटा

त्याच दिवशी, वर

मघाचं वाक्य अर्धंच राहिलं, झोप लागली. खांदा धरून हलवलं ते दिपेशने. थळचा पोरगा, याच्या बापाच्या ट्रॉलरचं इंजिन मीच दुरुस्त करतो. तोही मस्कतलाच कामाला चाललाय. "काका, शेवटची हाक झाली! पळा!" तो नसता तर मी अजून त्या खुर्चीतच.

आता माझ्या शेजारीच बसलाय. म्हणजे साक्षीदार आलाच.

तीन झाल्या. अक्षर हलतंय ते विमानाने नव्हे, माझ्याने.

"काका, तुमाला इमान लागतं व्हय?"

"छे! बांगडा बाधला."

"कवा खाल्लेलात?"

"परवा."

त्याने स्वतःच्या खुर्चीपुढची कागदी पिशवी काढून माझ्या हातात दिली. मग मागच्या रांगेतल्या दोन मागून आणल्या. चौथीनंतर मीच म्हणालो, "लागतं रे. पहिल्यापासून लागतं." म्हणालो आणि काहीच झालं नाही. विमान पडलं नाही.

तो म्हणाला, "गावात न्हाय सांगनार." मी म्हणालो, सांग. मग पाचवी.

११ जानेवारी. मस्कत

काल रात्री आफरा स्वतः न्यायला आली होती, ते एवढं पोट घेऊन. माझा सदरा कसा होता ते लिहीत नाही. सलामही न करता सांगून टाकलं, "बेटा, तत्त्वबित्त्व काही नव्हतं. मला विमान लागतं."

"ठाऊक हाय, अब्बा. अम्मीनं माझ्या लग्नाआधीच सांगितलंय."

"मग चार वर्षं रागावून का होतीस?"

"रागावले न्हवते. बघत होते, उलटी मोठी की मी."